शेवटच्या बोलीचा खेळाडू

माणसाची किंमत रुपयांत बोलून दाखवूं नये, असा एक संकेत आपल्या समाजांत फार दिवस होता. तो सर्वत्र पाळला जात होता असें नव्हे. हुंड्याच्या बैठकींत तर तो उघड उघड मोडला जाई. परंतु तेथेंहि आंकड्याची गोष्ट निघाली कीं बोलणारा आवाज खालीं आणी, आणि ज्या पोरीच्या नांवानें हें सारें चाललें तिला त्या वेळीं माजघरांत बसवीत. आमच्या बोरी बुद्रुकपासून बेल्ह्याचा बैलबाजार फार लांब नाहीं. बैलबाजारांतील जुन्या दलालांची रीत अशी कीं, उपरण्याखालीं हात घालावयाचे, एकमेकांचीं बोटें दाबावयाचीं, आणि सौदा ठरवावयाचा. शेजारीं उभ्या असलेल्या माणसाला काय ठरलें याचा पत्ता लागत नसे. त्यांत व्यापारी लबाडी होती हें आम्हांस मान्य आहे. तरीपण किंमत ही झांकण्याजोगी गोष्ट आहे, अशी एक जाणीवहि त्या उपरण्याखालीं होती.

२० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंत इंडियन प्रीमियर लीगच्या खेळाडूंचा पहिला लिलाव झाला, आणि माणसांच्या बाबतींत तें उपरणें दूर झालें. आतां खेळाडूचें नांव मोठ्यानें पुकारतात, त्याची मूळ किंमत सांगतात, संघांचे धनी हातांतील फळी वर करतात, आणि हातोडा पडला कीं आंकडा देशभर घरोघरीं पोहोंचतो. खेळाडूच्या आईलाहि तो त्याच क्षणीं कळतो. नोव्हेंबर २०२४ मध्यें अरबस्तानांतील जेद्दा शहरीं हा लिलाव दोन दिवस चालला होता. १,५७४ खेळाडूंनीं नांवें नोंदविलीं होतीं. छाननी होऊन यादींत ५७७ उरलीं. विकले गेले १८२. सर्वांत वरची बोली ऋषभ पंत यांच्यासाठीं २७ कोटींची झाली. सर्वांत खालची मूळ किंमत ३० लाखांची होती. म्हणजे एकाच रंगाचा सदरा घालून एका मैदानावर उभ्या राहणाऱ्या दोन माणसांत नव्वद पटींचें अंतर. ज्या ३९५ जणांना गिऱ्हाईक मिळालें नाहीं, त्यांपैकीं कित्येकांचीं नांवें पुकारलींहि गेलीं नाहींत. कारण शेवटच्या घाईच्या फेरींत संघ ज्यांचीं नांवें अगोदर लिहून देतील तेवढींच वाचावयाचीं, असा तेथील शिरस्ता आहे.

त्या २७ कोटींविषयीं आम्हांस येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. वरच्या बोलीची चर्चा करणारे पुष्कळ आहेत. आमचा प्रश्न खालच्या टोंकाचा आहे. लिलाव संपत येतो, धनी खुर्च्या मागें सारूं लागतात, आणि संघांतील रिकाम्या जागा भरण्यापुरतीं कांहीं नांवें मूळ किमतीला उचललीं जातात. या उचललेल्यांपैकीं एखाद्याकडे वर्षानुवर्षें डोळे लावून बसणारीं माणसें असतात. आमच्या ओळखींत अशीं आहेत. संघ जिंको वा हरो, त्या एका पोराचें काय झालें, हेंच तीं प्रथम विचारतात. हें प्रेम कोणत्या जातीचें? तें न्यायबुद्धींतून येतें, कीं तो जुगाराचाच एक सोंवळा प्रकार आहे? आणि ज्याच्याकडे असे डोळे लावावयाचे, त्याचें त्यांत कांहीं हित होतें काय?

हा प्रश्न दूरच्या श्रीमंतांचा आहे असें कोणास वाटेल. पण तो आतां तसा राहिलेला नाहीं. जुन्नर-आंबेगांवाकडील गांवांतून टेनिस चेंडूच्या ज्या स्पर्धा भरतात त्यांनीं अलीकडे ‘प्रीमियर लीग’ हेंच नांव घेतलें आहे, आणि नांवाबरोबर लिलावहि घेतला आहे. ऊंस-कांद्यांत चार पैसे मिळविलेले, किंवा पुण्या-मुंबईस धंदा असलेले गृहस्थ संघमालक होतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहांत नाहींतर देवळाच्या मंडपांत गांवच्या पोरांचा लिलाव पुकारला जातो. रुपयांऐवजीं बहुधा गुण असतात. प्रत्येक मालकाला ते ठराविक दिलेले, त्यांतच संघ उभा करावयाचा. सर्व हंसत-खेळत चालतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या पोराचें नांव कालपर्यंत आळींतहि धड कोणी घेत नव्हतें, त्याच्यासाठीं दोन मालक हमरीतुमरीवर आले म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर जें तेज येतें, तेंहि आम्ही पाहिलें आहे, आणि त्याचा आम्हांस आनंदच झाला आहे.

परंतु जेद्द्याच्या आणि आमच्या लिलावांत एक मोठा भेद आहे. तेथें बोली लावणारा आणि जिच्यावर बोली लागते ती व्यक्ति हीं दोघें एरवीं एकमेकांस भेटत नाहींत. येथें तीं उद्यां सकाळीं दूध घालावयास एकाच डेअरीवर येणार असतात. शेवटीं जीं चार-पांच नांवें उरतात त्यांचे बापहि कधीं कधीं त्याच मंडपांत भिंतीला टेकून बसलेले असतात. सहावींत एका बांकावर बसलेल्या मित्रानें आपल्यासाठीं हात वर केला नाहीं, हें त्या पोराला दिसतें. मग कोणी म्हणतो, “उरलेले वांटून घ्या.” दुसरा म्हणतो, “याला घ्या, पाणी तरी आणील.” मंडपांत हंशा पिकतो, तो पोरहि हंसतो, कारण न हंसलें तर अधिकच शोभा होईल हें त्याला कळतें. यांत कोणी दुष्ट नसतो. म्हणूनच आम्हांस ही गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. दुष्टाविरुद्ध बोलावयास नीतिशास्त्र लागत नाहीं. चांगल्या माणसांनीं सहज लावून घेतलेल्या रिवाजानें कोणाचें मन मोडत असेल, तर त्याचा विचार करावयास तें लागतें.

आणि असा रिवाज आपल्याकडे पूर्वीं नव्हता. पोरांनीं दोन डाव पाडावयाचे म्हणजे काय करीत, हें चाळिशीपुढील वाचकांस आठवत असेल. दोन म्होरके ठरत. बाकीचीं पोरें आपापल्या तोडीचा गडी पाहून जोड्या करीत. चपळ चपळाबरोबर, लंगडत धांवणारा तशाच दुसऱ्याबरोबर. जोडी गळ्यांत हात घालून झाडामागें जाई, दोघे गुपचूप एकेक नांव घेत, एक सोनें होई, दुसरा चांदी. एक आंबा, दुसरा चिंच. परत येऊन म्होरक्याला विचारीत, “सोनें घेतोस कीं चांदी?” तो सोनें म्हणे, आणि सोन्याच्या पोटीं जो गडी निघेल तो त्याचा होई. झालें! डाव सारखे पडत, आणि शेवटीं कोण उरला हा प्रश्नच उत्पन्न होत नसे. निवड माणसाची होत नसून आंब्या-चिंचेची होत असे. दुबळा कोण हें सर्वांना ठाऊक असे. तोहि तें जाणून आपल्यासारखाच दुसरा दुबळा शोधून आणी. पण तें चारचौघांत क्रमानें वाचून दाखविलें जात नसे. ही युक्ति कोणा पंडितानें काढलेली नाहीं. ती पोरांनीं पोरांसाठीं काढली, आणि तींत माणसाच्या अब्रूची जेवढी जपणूक आहे तेवढी मोठ्यांच्या पुष्कळ संस्थांत नाहीं.

अमेरिकेंतील बेसबॉलचे व्यवस्थापकहि या कोड्याशीं १९६५ पासून झुंजत आहेत. तेथें होतकरू खेळाडूंचा लिलाव होत नाहीं. निवड होते, आणि ती पाळीपाळीनें होते. मागच्या हंगामांत जो संघ हरत राहिला त्याला आधीं निवडूं द्यावयाचें, असें मूळचें धोरण. अलीकडे पहिल्या कांहीं जागांसाठीं सोडत काढतात. हेतु हा कीं धनिक संघानें सारे चांगले गडी पळवूं नयेत, संघासंघांत समतोल राहावा. म्हणजे आंब्या-चिंचेचाच हेतु. पण संघांचा समतोल साधतांना त्यांनीं खेळाडूंची मात्र एक लांबलचक उतरंड लावली: पहिला, दुसरा, शंभरावा, हजारावा. प्रत्येकाला आपला क्रमांक जन्मभर पाठ असतो. आणि तेथेंहि या उतरंडीच्या तळाशीं दृष्टि लावून बसणारा एक रसिकवर्ग आहे. तो पहिल्या फेरीच्या नवलाईकडे ढुंकूनहि न पाहतां, शेवटच्या फेऱ्यांच्या मुलांचीं नांवें टिपून ठेवतो आणि पुढें लहान गांवांच्या छोट्या मैदानांवर तीं मुलें काय करतात याचा माग काढीत राहतो.

या वर्गाचें दैवत म्हणजे माइक पियाझा. १९८८ सालीं ६२ व्या फेरींत, १,३९० व्या क्रमांकावर त्यांची निवड झाली. पुढें ते आपल्या काळांतील अग्रगण्य फलंदाज यष्टिरक्षक ठरले, आणि २०१६ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यांची प्रतिष्ठापना झाली. १९९९ सालीं ४०२ व्या क्रमांकावर निवडलेल्या आल्बर्ट पुहोल्स यांनीं ७०३ वेळां चेंडू सीमेपार धाडला. अशीं उदाहरणें सांगतांना सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. आमचाहि येतो. तरी या कथांत एक गोम आहे, ती पाहिली पाहिजे.

पियाझांची ती निवड कोणा द्रष्ट्यानें त्यांच्या अंगचा गुण पाहून केलेली नव्हती. त्यांच्या वडिलांचा स्नेह टॉमी लसोर्डा यांच्याशीं होता; लसोर्डा त्या संघाचे व्यवस्थापक होते; मित्राच्या शब्दाखातर एक कागदी जागा खर्ची घातली गेली. ज्या कथेला आपण गुणाचा विजय म्हणून मिरवितों, तिच्या मुळाशीं वशिला आहे! आम्हांस यांत पियाझांचें वैगुण्य दाखवावयाचें नाहीं. मैदानावर मारलेले चेंडू त्यांचेच होते. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, तळाशीं पडलेला गुण आपोआप वर येतो ही समजूत खोटी आहे. वर आलेला दिसतो, म्हणून ‘येतोच’ असें आपण म्हणतों. न आलेल्यांची साक्ष काढावयास कोण जातो? आणि ही समजूत निरुपद्रवी नाहीं. लिलाव पुकारणाऱ्याला तिच्यासारखी सोईस्कर दुसरी गोष्ट नाहीं. तो म्हणतो, “पाहा, ६२ व्या फेरीचा मनुष्यहि शिखरावर गेला, तेव्हां आमच्या व्यवस्थेंत अन्याय कोठें आहे?” एका यशस्व्याची कथा हजार विस्मृतांच्या तोंडावर झांकण म्हणून बसते. आणि गंमत अशी कीं, ज्या व्यवस्थेचें समर्थन पियाझांच्या नांवानें होतें, तिच्यांत आज पियाझांना जागाच नाहीं. २०१९ पर्यंत ४० फेऱ्या होत. २०२० च्या साथींत त्या पांचांवर आल्या. २०२१ पासून वीस आहेत. त्याच सुमारास मोठ्या संघांशीं जोडलेल्या लहान संघांची संख्याहि १६० वरून १२० वर आणली गेली. निवड न झालेल्या मुलाला पुढें करार करतां येतो हें खरें. पण दार अरुंद झालें तें झालेंच.

आतां आपल्याकडील उदाहरण घेऊं. पुण्याचे ऋतुराज गायकवाड यांस डिसेंबर २०१८ च्या जयपूर येथील लिलावांत चेन्नईच्या संघानें २० लाखांना घेतलें. २०१९ च्या हंगामांत त्यांस एकहि सामना मिळाला नाहीं. २०२० मध्यें मिळाले त्या पहिल्या तीन डावांत त्यांच्या धावा झाल्या ०, ५ आणि ०. येथें क्षणभर थांबूं. त्या दिवशीं कोणी हिशेब मांडला असता तर दोन हंगाम, तीन डाव, पांच धावा, असा झाला असता, आणि तो अगदीं बरोबर ठरला असता. चौथी संधि मिळाली ती कां? चेन्नईचा संघ त्या वर्षीं इतका हरला होता कीं पुढें जाण्याची त्याची आशा जवळजवळ संपली होती, आणि गमावण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. मग लागोपाठ तीन अर्धशतकें झालीं. २०२१ मध्यें ६३५ धावा करून तेच स्पर्धेंतील सर्वाधिक धावांचे मानकरी ठरले, आणि २०२४ मध्यें संघाचे नायक झाले. २७ कोटींच्या मनुष्याला चौथी संधि मिळावी म्हणून संघाला हरावें लागत नाहीं. त्याच्यावर एवढा पैसा गुंतलेला असतो कीं त्याला न खेळविणें हाच तोटा होतो. २० लाखांच्या मनुष्याला वगळण्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. म्हणजे बोली ही नुसती किंमत सांगत नाहीं. पुढें किती वेळां चुकूं द्यावयाचें हेंहि तीच ठरविते.

आमच्या मतें या विषयाचें मर्म येथें आहे, आणि तें सांगण्यास आमच्या गांवचाच दाखला उपयोगी पडेल. कुकडीच्या कांठीं बोरी येथें ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला आहे. सुमात्रा बेटांतील टोबा ज्वालामुखीचा सुमारें ७४,००० वर्षांपूर्वीं जो उद्रेक झाला त्याची ती राख, असें कित्येक पंडितांचें मत. ती त्याहून कितीतरी जुनी, असें दुसऱ्यांचें. त्या राखेच्या सान्निध्यांत अश्मयुगांतील माणसानें घडविलेलीं दगडी हत्यारेंहि मिळालीं. नदीवर गुरें घेऊन जाणाऱ्यांच्या पायांखालीं असले दगड पिढ्यान्‌पिढ्या येत असतील. जाणत्याच्या दृष्टीस पडले तेव्हां ती हातकुऱ्हाड ठरली. गुणग्राहकतेची आपली कल्पना बहुधा अशीच असते: गुण आधींच आंत पुरा घडून पडलेला आहे, फक्त पारख्याची दृष्टि पडावयाची खोटी. दगडाच्या बाबतींत हें खरें आहे. कोणी पाहिलें नसतें तरी ती कुऱ्हाडच राहिली असती. पण एकोणीस वर्षांच्या पोराचें तसें नाहीं. तो अजून घडावयाचा आहे, आणि त्याला कोण किती वेळ पाहतें, कोण किती डाव देतें, यावरच तो काय होणार हें पुष्कळसें अवलंबून आहे. दगडाविषयीं चुकीचा अंदाज केला तर अंदाज चुकतो, पोराविषयीं चुकीचा अंदाज केला तर तो पोर कधीं कधीं त्या अंदाजाप्रमाणें होऊन बसतो, आणि अंदाज करणारा म्हणतो, “मी सांगितलेंच होतें.”

मग त्या शेवटच्या बोलीच्या खेळाडूकडे डोळे लावून बसणाऱ्याचें काय? त्याच्या मनांतील हेतु आम्ही फार शुद्ध मानीत नाहीं. पुष्कळांच्या ठिकाणीं तो ‘आधीं मीं ओळखला’ असें पुढें म्हणतां यावें, एवढाच असतो. स्वस्तांत जमीन घेऊन ठेवणारा आणि हा यांत फरक थोडा. त्याची परीक्षा सोपी आहे. तो पोर दोन हंगाम बांकावर बसून तिसऱ्या वर्षीं यादींतून गळाला, म्हणजे याची आस्था टिकते कीं नव्या यादींतील नवें नांव घेऊन हा मोकळा होतो? आमचा अनुभव असा कीं, बहुतेक मोकळे होतात. २००८ सालीं लखनौच्या क्रीडा-वसतिगृहांतील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक्या मुलांस पिट्सबर्गच्या बेसबॉल संघानें करारानें घेतलें. चेंडू फेंकण्याच्या एका स्पर्धेंतून तीं मुलें तेथवर पोहोंचलीं होतीं. त्यांच्यावर चित्रपट निघाला. तो त्यांच्या निवडीची कथा सांगतो. निवडीनंतर त्यांनीं लहान संघांतून जे दिवस काढले, आणि मोठ्या मैदानापर्यंत दोघांपैकीं कोणीच पोहोंचलें नाहीं, त्याची कथा पाहावयास कोणी तिकीट काढणार नाहीं, हें चित्रपटवाल्यांनीं बरोबर ओळखलें.

यावर कोणी म्हणेल कीं, तुम्ही ज्यांचा एवढा कळवळा करतां त्यांना ३० लाख मिळतात. कांदा रस्त्यावर ओतावा लागणाऱ्या शेतकऱ्यापुढें हें रडगाणें कशाला? आक्षेप बिनतोड आहे. पैशाच्या दृष्टीनें हा खेळाडू दयेचा विषय नाहीं, आणि त्याला दया नकोच असते. परंतु आमचा मुद्दा दारिद्र्याचा नव्हता. चारचौघांत लागलेल्या किमतीनें माणसाला किती काळ ओळखावें, हा आहे. आणि तो मंडपांत उरलेल्या पोराला जितका लागू, तितकाच आपल्या घरांनाहि लागू आहे. अकरावीच्या प्रवेशाला आतां फेऱ्या असतात. ज्याचें नांव शेवटच्या फेरींत लागलें त्या मुलाच्या घरीं पेढे येत नाहींत. शेजारीण विचारावयास आली कीं आई विषय बदलते, आणि मुलगा आंतल्या खोलींतून तें ऐकतो. आंकडा खोटा असतो असें नव्हे. तो एका दिवसाचा असतो, आणि आपण तो वर्षानुवर्षें वापरतों. नारायणगांवीं यात्रांच्या हंगामापूर्वीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे पंच सुपारी द्यावयास येतात, तेव्हां हें अधिक सरळपणें समजतें. तोच फड, तींच माणसें; पण चैत्री पौर्णिमेच्या तिथीला एक दर आणि आडतिथीला दुसरा. दर गिऱ्हाइकाच्या निकडीचा आहे, नाचणारीच्या पायांचा नाहीं, हें तेथें फडमालकालाहि ठाऊक असतें आणि पंचांनाहि. लिलावाच्या मंडपांत मात्र तें सर्वांना विसरावयास होतें.

आस्थेचा दुसरा एक प्रकार आहे, तो तर उपद्रवीच आहे. तालुक्यांतील एखाद्या पोराची कोठें निवड झाली कीं चौकांत मोठा फलक लागतो. त्यावर पोराचा चेहरा लहान आणि शुभेच्छुकांचे मोठे! मग तो पोर हंगामभर बांकावर बसतो. घरीं येतो तेव्हां एस. टी. च्या थांब्यापासून घरापर्यंत दहा जण विचारतात, “खेळविलें कां रे?” विचारणाऱ्यांत आपुलकीच असते. पण दहाव्यांदा ‘नाहीं’ म्हणतांना त्या पोराला वाटूं लागतें कीं आपण गांवाचें कांहीं देणें लागतों आणि तें फेडूं शकलों नाहीं. लिलावांत धन्यानें त्याला विकत घेतलें होतें. येथें गांवानें घेतलें, तेंहि एक पैसा न देतां.

प्रवीण तांबे यांची गोष्ट या दृष्टीनें आम्हांस फार मोलाची वाटते. मुंबईच्या मैदानांवर, क्लबांच्या आणि कंपन्यांच्या संघांतून, ते वीस-बावीस वर्षें खेळत राहिले. प्रथम श्रेणीचा एकहि सामना त्यांच्या नांवावर नव्हता. २०१३ सालीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, राजस्थानच्या संघानें त्यांस घेतलें. पुढच्या वर्षीं कोलकात्याविरुद्ध त्यांनीं लागोपाठ तीन गडी बाद केले. सर्व लोक या शेवटाकडे पाहतात, आणि २०२२ मध्यें निघालेल्या चित्रपटानेंहि हीच कथा सांगितली. आम्हांस त्या आधींच्या वर्षांचें अधिक नवल वाटतें. त्या वर्षांत त्यांच्यावर कोणी बोली लावली नव्हती, कोणी फलक लावला नव्हता, ‘खेळविलें कां’ असें विचारणारा जमाव नव्हता. आणि तरी आठवड्याला आठवडा कोणी ना कोणी त्यांस संघांत घेत होतें, हातीं चेंडू देत होतें, आणि तो चांगला पडला तर ‘चांगला पडला’ म्हणत होतें. ४१ व्या वर्षीं राजस्थानचें बोलावणें आलेंच नसतें, तर तीं वर्षें फुकट गेलीं असें आपण म्हणणार होतों काय? म्हणणार असूं, तर आपलें त्यांच्यावरचें प्रेम हेंहि लिलावांतीलच आहे. डिसेंबर २०१९ च्या लिलावांत कोलकात्यानें ४८ वर्षांच्या तांब्यांस २० लाखांना पुन्हा घेतलें. पण त्यांनीं दरम्यान परदेशांतील एका स्पर्धेंत भाग घेतला होता, म्हणून नियमाप्रमाणें त्यांस खेळतां आलें नाहीं. २०२० मध्यें ते वेस्ट इंडीजमधील स्पर्धेंत जाऊन खेळले. बोली लागली, रद्द झाली, आणि हा मनुष्य खेळतच राहिला.

व्यवसायी खेळांत आंबा-चिंच चालणार नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्यांनीं पैसा घातला ते डोळे मिटून सोनें कीं चांदी म्हणणार नाहींत, आणि त्यांनीं म्हणावें असेंहि नाहीं. पण आमच्या गांवच्या स्पर्धेंत कोणाचा एवढा पैसा बुडावयाचा आहे? येथें मंडळांना एक सूचना करावीशी वाटते. लिलाव करावयाचाच तर पहिल्या चांगल्या गड्यांचा करावा. त्यांना चढाओढीचा आनंद होतो, तो त्यांस मिळूं द्यावा. शेवटचे आठ-दहा राहिले म्हणजे हातोडा बाजूला ठेवून त्यांना जोड्या करावयास सांगावें, आणि मंडपाबाहेर पाठवावें. ते नांवें घेऊन येतील, आणि मालकांनीं नांवावरून गडी घ्यावे. पांच मिनिटांचें काम आहे. यावर असा आक्षेप येईल कीं, मग लिलावाच्या शेवटची सारी गंमत जाईल. आक्षेप खरा आहे. “पाणी तरी आणील” हें वाक्य म्हणावयास कोणाला जागा राहणार नाहीं.